जुना डीव्हीडी रेकॉर्डर नव्या टीव्हीला जोडणे: पिवळी-लाल-पांढरी पिन, कन्व्हर्टर आणि चित्राचा दर्जा

धागाकर्ता

नमस्कार. माझ्याकडे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर आहे, म्हणजे डिस्क वाजवणारे आणि कोऱ्या डिस्कवर चित्रमुद्रणही करणारे यंत्र. यंत्र सुस्थितीत आहे. ट्रे विनातक्रार आत-बाहेर होतो आणि समोरच्या पट्टीवर डिस्कची वेळ पुढे सरकताना दिसते. घरातल्या समारंभांचे बरेचसे चित्रण याच यंत्रावर केलेल्या डिस्कवर असल्यामुळे ते मोडीत काढण्याची माझी इच्छा नाही. अडचण आहे ती जोडणीची.

रेकॉर्डरच्या मागच्या बाजूला पिवळे, पांढरे आणि लाल असे तीन सॉकेट आहेत. त्यांच्या शेजारी चार बारीक छिद्रांचे गोल एस-व्हिडिओ सॉकेट, मग हिरवा, निळा व लाल असे कॉम्पोनंटचे तीन सॉकेट आणि शेवटी आवाजासाठी एक नारिंगी कोअ‍ॅक्शियल व एक ऑप्टिकल सॉकेट आहे. एचडीएमआय नाही. टीव्ही फोर-के आहे. त्याला तीन एचडीएमआय, यूएसबी, अँटेना, ऑप्टिकल आणि हेडफोनच्या छिद्रासारखे दिसणारे 'एव्ही इन' असे एक ३.५ मिमीचे सॉकेट आहे. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना एका बाजूला आणि हेडफोनसारखी एकच पिन दुसऱ्या बाजूला अशी एक केबल घरात होती. ती जोडून टीव्हीवर 'एव्ही' हा स्रोत निवडला असता पडदा काळाच राहतो आणि उजव्या स्पीकरमधून मोठ्याने गुणगुण ऐकू येते.

माझे प्रश्न असे आहेत: ही गुणगुण कशाची? कन्व्हर्टर घ्यावाच लागेल का? आणि घेतला, तर चित्र सुधारेल की केवळ दिसू लागेल?

पहिला प्रतिसाद

आपण दोन्ही यंत्रांच्या मागच्या बाजूचे इतके नेमके वर्णन केले आहे, म्हणून उत्तरही नेमके देता येईल. जोडणीचा प्रश्न सोडवताना मी नेहमी एकच गोष्ट आधी पाहतो: प्लेअरमधून कोणता सिग्नल बाहेर पडतो आणि टीव्ही कोणता सिग्नल आत घेतो. पिनेचा आकार त्यानंतर. अ‍ॅडॉप्टर केवळ आकार बदलतो, सिग्नल तोच राहतो. सिग्नलचा प्रकार बदलायचा असेल, तर वीजपुरवठा लागणारा कन्व्हर्टरच हवा. एका टोकाला तीन रंगीत पिना आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआयची पिन असलेल्या साध्या केबली विकल्या जातात, पण त्यांच्यात कोणतेही सर्किट नसते आणि आपल्या जोडणीत त्यांचा काहीही उपयोग होणार नाही, कारण पिवळ्या सॉकेटमधून अ‍ॅनालॉग सिग्नल येतो आणि एचडीएमआयला डिजिटल लागतो.

आता गुणगुणीविषयी. आपल्या टीव्हीचे ३.५ मिमीचे सॉकेट अ‍ॅनालॉग सिग्नलच घेते, त्यामुळे निव्वळ चित्र दिसण्यासाठी कन्व्हर्टरची गरज नाही. अडचण केबलमध्ये आहे. त्या बारीक पिनेकडे जवळून पाहा. तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील आणि त्या रेघांमुळे धातूचे चार भाग पडलेले दिसतील: टोक, त्यामागची दोन कडी आणि शेवटची दंडगोल बाही. या चार भागांवर डावा आवाज, उजवा आवाज, चित्र आणि अर्थ (म्हणजे ग्राउंडची सामाईक तार) अशा चार तारा आलेल्या असतात. मात्र कोणत्या भागावर कोणती तार, याबाबत सर्व उत्पादकांनी एकच पद्धत पाळलेली नाही. एका प्रचलित पद्धतीत टोकावर डावा आवाज, पहिल्या कड्यावर उजवा आवाज, दुसऱ्या कड्यावर अर्थ आणि बाहीवर चित्र असते. जुन्या कॅमकॉर्डरसोबत येणाऱ्या अनेक केबलींमध्ये चित्र पहिल्या कड्यावर आणि उजवा आवाज बाहीवर असतो. आपल्या केबलीतून चित्राचा सिग्नल टीव्हीच्या उजव्या आवाजाच्या वाटेवर जात आहे. चित्राच्या सिग्नलमध्ये सेकंदाला ५० किंवा ६० वेळा येणारे उभे सिंक स्पंद असतात आणि तेच स्पीकरमध्ये गुणगुणीच्या रूपाने ऐकू येतात.

टीव्हीचा आवाज अगदी कमी करा आणि रेकॉर्डरच्या पिवळ्या सॉकेटमध्ये केबलची लाल पिन, तर लाल सॉकेटमध्ये पिवळी पिन घालून पाहा. पिनेचा रंग ही केवळ ओळख पटवण्याची खूण आहे. आतून तिन्ही तारा सारख्याच असतात आणि अशा अदलाबदलीने यंत्राला इजा होत नाही.

अर्थची जागा जुळत असेल, तरच ही युक्ती लागू पडते, हे मात्र ध्यानात असू द्या. अर्थ एका केबलमध्ये दुसऱ्या कड्यावर आणि टीव्हीत बाहीवर असेल, तर पिना कितीही बदलल्या तरी चित्र येणार नाही. मल्टिमीटर असल्यास त्याची एक सुई कोणत्याही रंगीत पिनेच्या बाहेरच्या कड्याला टेकवा आणि दुसरी सुई बारीक पिनेच्या चारही भागांना क्रमाने लावा. ज्या भागावर मीटर वाजेल तो अर्थ. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत त्या सॉकेटची आकृती दिलेली असेल, तर तिच्याशी हे पडताळून पाहता येईल. पुस्तिकेत आकृती नसेल, तर त्याच टीव्हीसाठी बनवलेली केबल मागवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

धागाकर्ता

लाल आणि पिवळ्या पिनांची अदलाबदल करताच रंगीत चित्र आले, गुणगुण थांबली आणि दोन्ही स्पीकरमधून आवाज येऊ लागला. इतक्या नेमक्या निदानाबद्दल मन:पूर्वक आभार.

आता चित्राविषयी. लांबून पाहिले तर ठीक वाटते, परंतु जवळ गेल्यावर लाल साडीच्या काठावर बारीक ठिपके वर सरकताना दिसतात आणि बारीक रेघांच्या सदऱ्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतात. शिवाय माणसे आडवी ताणलेली, जाड दिसतात. यापैकी काय सुधारण्यासारखे आहे?

दुसरा प्रतिसाद

आपण ज्यांचा उल्लेख केला ते सरकणारे ठिपके आणि खोटे रंग हे दोन्ही पिवळ्या तारेचे दोष आहेत, डिस्कचे नव्हेत. डीव्हीडीवर उजेडाची आणि रंगाची माहिती वेगवेगळी साठवलेली असते. पिवळ्या सॉकेटकडे जाताना रेकॉर्डर ती एकाच तारेत मिसळतो. पाल आणि एनटीएससी या रंगीत टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती. पाल पद्धतीत रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवली जाते आणि एनटीएससीत ३.५८ मेगाहर्ट्झच्या. सदऱ्यावरच्या बारीक रेघाही साधारण तेवढ्याच वारंवारितेचा सिग्नल निर्माण करतात, म्हणून टीव्ही त्यांना रंग समजून बसतो. उलट बाजूने रंगाचा काही अंश उजेड म्हणून गणला जातो आणि काठावर ठिपके दिसू लागतात. हे मिश्रण पुन्हा वेगळे करण्याचे काम टीव्हीतील कोंब फिल्टर करतो, परंतु एकदा मिसळलेले संपूर्णपणे सुटे होत नाही.

एस-व्हिडिओत उजेड आणि रंग दोन वेगळ्या तारांनी जातात, म्हणून हे दोन दोष तिथे उद्भवतच नाहीत. कॉम्पोनंटमध्ये रंगाचेही दोन भाग करून एकूण तीन तारा वापरल्या जातात आणि डिस्कवरची माहिती जवळजवळ जशी आहे तशी बाहेर येते. तेव्हा आपल्या यंत्राचा सर्वांत चांगला सॉकेट पिवळा नसून हिरवा-निळा-लाल हा संच आहे. आपल्या टीव्हीला कॉम्पोनंटचे सॉकेट नसल्याने तिथे कन्व्हर्टर घेणे सार्थकी लागेल. मात्र तो 'कॉम्पोनंट ते एचडीएमआय' असाच हवा. पिवळी-लाल-पांढरी पिन घेणारा 'एव्ही ते एचडीएमआय' कन्व्हर्टर घेतलात, तर आज जे चित्र दिसते आहे तेच एचडीएमआयच्या वाटेने दिसेल, ठिपक्यांसकट. असे सगळेच कन्व्हर्टर विकत घेताना दिशा नीट वाचावी, कारण उलट दिशेचा, म्हणजे एचडीएमआयकडून एव्हीकडे जाणारा खोकाही अगदी तसाच दिसतो आणि दोन्हींची नावे सारख्याच शब्दांनी बनलेली असतात.

तिसरा प्रतिसाद

वरील मताशी मी पुष्कळसा सहमत आहे, तरीही कन्व्हर्टरकडून अपेक्षा किती ठेवावी हे आकड्यांत सांगणे मला आवश्यक वाटते. पाल पद्धतीच्या डीव्हीडीचे चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते, म्हणजे एकूण ४,१४,७२० बिंदू. फोर-के टीव्हीचा पडदा ३८४० × २१६० बिंदूंचा, म्हणजे ८२,९४,४०० बिंदूंचा. बरोबर वीस पट. डिस्कवरून आलेल्या प्रत्येक एका बिंदूमागे एकोणीस बिंदू टीव्हीला स्वत: अंदाजाने भरावे लागतात. कन्व्हर्टरवर १०८०पी असे लिहिलेले असते म्हणून तो १०८०पीचा तपशील निर्माण करतो, असे नव्हे. तो भरण्याच्या कामाचा काही वाटा टीव्हीच्या आधी स्वत: उरकतो, इतकेच.

हा वाटा कोणाकडे असावा, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. डिस्कवरचे चित्र इंटरलेस्ड असेल, तर प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत येते, आधी विषम रेषा आणि मग सम रेषा. त्यांची सांधणी करून सलग चित्र करणे आणि ते मोठे करणे ही दोन कामे कुठेतरी व्हावीच लागतात. तीच कामे प्लेअर, कन्व्हर्टर आणि टीव्ही अशी एकापाठोपाठ तिघांनी केली, की प्रत्येक टप्प्यावर चित्र थोडे मऊ पडते आणि थोडा उशीरही होतो. म्हणून आलेला सिग्नल त्याच मापात पुढे देणारा, निदान तशी निवड उपलब्ध असलेला कन्व्हर्टर मला अधिक योग्य वाटतो. मोठे करण्याचे काम टीव्हीकडे राहू द्यावे, कारण चांगल्या टीव्हीतील त्यासाठीची चिप सहसा त्या छोट्या खोक्यातील चिपपेक्षा सरस असते.

सांधणीचे काम मात्र रेकॉर्डरकडे देऊन पाहण्यासारखे आहे. त्याच्या मेन्यूत 'प्रोग्रेसिव्ह', म्हणजे सांधलेले सलग चित्र देण्याचा पर्याय असेल. चित्रपटांच्या डिस्कवर मूळ चौकटी कशा विभागल्या आहेत याच्या खुणा नोंदलेल्या असतात आणि त्या फक्त डिस्क वाचणाऱ्या यंत्रालाच दिसतात. टीव्हीला तेच सिग्नलवरून ओळखून काढावे लागते. कॅमेऱ्याने केलेल्या घरगुती चित्रणाची गोष्ट वेगळी. त्यात सेकंदाला ५० हप्ते खरोखरच वेगवेगळ्या क्षणांचे असतात आणि अशा हालचालीची सांधणी आजचे टीव्ही बहुधा जुन्या रेकॉर्डरपेक्षा चांगली करतात. आपल्याकडे मुख्यत्वे समारंभांचे चित्रण असल्याने दोन्ही पद्धतींनी तीच डिस्क लावून, पळणारे मूल किंवा फिरता पंखा असलेला भाग पाहावा. हलणाऱ्या कडांवर फणीच्या दातांसारख्या रेघा जिथे कमी दिसतील ती पद्धत ठेवावी.

खरेदीआधी आणखी एक गोष्ट तपासा. काही कॉम्पोनंट कन्व्हर्टर केवळ प्रोग्रेसिव्ह सिग्नलच स्वीकारतात. माहितीपत्रकात ४८०आय आणि ५७६आय (आकड्यापुढचे 'आय' म्हणजे इंटरलेस्ड, 'पी' म्हणजे प्रोग्रेसिव्ह) हे दोन्ही नोंदलेले असतील, तरच तो रेकॉर्डरच्या दोन्ही पद्धतींना चालेल.

चौथा प्रतिसाद

ताणलेल्या चित्राविषयी लिहितो. डीव्हीडीवर ४:३ चे चित्र असो की १६:९ चे, बिंदू तेवढेच असतात: ७२० × ५७६. पडद्यावर ते कोणत्या प्रमाणात पसरायचे हे डिस्कवरची एक खूण सांगते. पाल पद्धतीत ही खूण अ‍ॅनालॉग सिग्नलच्या तेविसाव्या रेषेत टीव्हीकडे पाठवण्याची सोय आहे, पण सर्व प्लेअर ती पाठवत नाहीत, सर्व टीव्ही ती वाचत नाहीत आणि बहुतेक स्वस्त कन्व्हर्टर ती गाळून टाकतात. मग टीव्ही आलेले प्रत्येक चित्र पडदाभर ताणतो.

रेकॉर्डरच्या मेन्यूत टीव्हीचा आकार विचारला असेल तिथे १६:९ निवडावे. जुन्या टीव्हीसाठी तिथे ४:३ लेटरबॉक्स निवडलेले राहून गेले असेल, तर रुंद चित्रपटाचे चित्र रेकॉर्डर आधीच आक्रसून वर-खाली काळ्या पट्ट्या जोडतो आणि रेषा वाया जातात. त्यानंतर समारंभाच्या ४:३ डिस्क लावताना टीव्हीच्या रिमोटवरून चित्राचा आकार ४:३ करावा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. त्या येणे बरोबरच आहे. माणसे ताणून पडदा भरण्यापेक्षा त्यांचे चेहरे मूळ रूपात दिसणे मला कितीतरी मोलाचे वाटते.

टीव्हीतील 'शार्पनेस' शून्याच्या आसपास आणा. जुन्या चित्रणात ती वाढवली की कडांना पांढरी किनार येते आणि टेपवरून उतरवलेल्या चित्रातील कचकच अधिक उठून दिसते.

पाचवा प्रतिसाद

माझ्या टीव्हीत रंग येतच नाहीत, चित्र कृष्णधवल दिसते. त्याला पाच सॉकेट आहेत: हिरवा, निळा, लाल आणि आवाजासाठी पांढरा व लाल. पिवळा नाही. प्लेअरची पिवळी पिन मी हिरव्यात घातली आहे, कारण त्या हिरव्या सॉकेटभोवती अर्धे पिवळे कडे छापलेले आहे.

दुसऱ्या प्रतिसादाचे लेखक

पिन योग्य ठिकाणी आहे. ते सॉकेट दोन्ही कामांसाठी आहे आणि ते अर्धे पिवळे कडे तेच सांगते. आपण टीव्हीवर स्रोत म्हणून 'कॉम्पोनंट' निवडला असावा. तसे केल्यास टीव्ही हिरव्यातून केवळ उजेडाची माहिती घेतो आणि रंग निळ्या व लाल सॉकेटमधून येण्याची वाट पाहतो. स्रोतांच्या यादीत 'एव्ही' निवडा.

तरीही रंग आले नाहीत, तर प्लेअरच्या मेन्यूत पाल, एनटीएससी आणि ऑटो यांपैकी काय निवडले आहे ते पाहा. टीव्हीला न समजणाऱ्या पद्धतीत रंग आले, तर तो फक्त उजेड दाखवतो.

पाच सॉकेटांच्या जोडणीत दोन सॉकेट लाल असतात, एक चित्राचा आणि एक आवाजाचा. त्यांची अदलाबदल झाली, तर चित्रातून तांबडा रंग नाहीसा होतो, चेहरे फिके हिरवट दिसतात आणि उजवा स्पीकर गुणगुणतो. धागाकर्त्यांनी कॉम्पोनंट कन्व्हर्टर घेतला, तर त्यांनाही हे लक्षात ठेवावे लागेल.

सहावा प्रतिसाद

आवाजाबाबत अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. धागाकर्त्यांच्या रेकॉर्डरला ऑप्टिकल सॉकेट आहे आणि टीव्हीलाही आहे, म्हणून ते दोन एकमेकांना जोडण्याचा मोह होईल. तसे करून आवाज येणार नाही. दोन्हीकडचे ऑप्टिकल सॉकेट आवाज बाहेर पाठवणारे आहेत. खात्री करायची असल्यास यंत्र चालू ठेवून सॉकेटच्या झडपेतून पाहावे. आत लाल उजेड दिसला, तर ते बाहेर पाठवणारे आहे. हा सॉकेट साउंडबारला किंवा अँप्लिफायरला जोडण्यासाठी आहे.

अँप्लिफायर असेल तर रेकॉर्डरचा ऑप्टिकल किंवा नारिंगी कोअ‍ॅक्शियल थेट त्याला जोडावा. दोन्हींतून तोच डिजिटल आवाज जातो. डिस्क लावल्यावर काहीच ऐकू आले नाही, तर रेकॉर्डरच्या ध्वनीविषयक मेन्यूत 'बिटस्ट्रीम' ऐवजी 'पीसीएम' निवडा. बिटस्ट्रीममध्ये डॉल्बी किंवा डीटीएसचा आवाज न उलगडता पुढे जातो आणि समोरच्या यंत्राला ती पद्धत उलगडता येत नसेल, तर ते मूक राहते. पीसीएममध्ये तो रेकॉर्डरच उलगडून देतो. मात्र पीसीएम केल्यावर सभोवतालचा पाच वाहिन्यांचा आवाज दोनच वाहिन्यांत मिळतो.

अशा थेट जोडणीत ओठ आणि शब्द यांचा मेळ बिघडू शकतो. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला थोडा वेळ घेतो आणि तोवर थेट गेलेला आवाज पुढे निघून जातो. अँप्लिफायरमध्ये आवाज काही मिलिसेकंद मागे ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. नसेल तर टीव्हीवर 'गेम मोड' लावून पाहावा. त्यात टीव्ही चित्रावरच्या बऱ्याचशा प्रक्रिया वगळतो आणि विलंब घटतो.

सातवा प्रतिसाद

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. कॉम्पोनंट कन्व्हर्टर, पाच तारांची केबल, त्याचा वेगळा वीजपुरवठा, पुन्हा एक एचडीएमआय केबल, इतके सगळे जमवण्यापेक्षा एचडीएमआय असलेला डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे प्लेअर घेणे अधिक सुटसुटीत नाही का? बहुतेक सर्व ब्ल्यू-रे प्लेअर डीव्हीडी वाजवतात, डिस्कपासून टीव्हीपर्यंत सिग्नल डिजिटलच राहतो आणि चित्राचे प्रमाणही सहसा बिनचूक राखले जाते. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्क पाहण्यासाठी तरी मी हाच मार्ग सुचवेन. डिस्कवरचा प्रदेश क्रमांक नव्या प्लेअरला चालतो की नाही, तेवढे पाहून घ्यावे.

तिसऱ्या प्रतिसादाचे लेखक

विकत घेतलेल्या डिस्कबाबत आपले म्हणणे मला पटते. परंतु धागाकर्त्यांकडे रेकॉर्डर आहे आणि डिस्क त्याच यंत्रावर केलेल्या आहेत. इथे एक कळीचा मुद्दा येतो.

रेकॉर्डरने मुद्रण केलेली डिस्क दुसऱ्या प्लेअरवर चालण्यासाठी ती आधी 'फायनलाइझ' केलेली असावी लागते. हे केल्याने डिस्कवर इतर प्लेअरना समजणारी अनुक्रमणिका आणि मेन्यू कायमचा लिहिला जातो. ते राहून गेले असेल, तर नवा प्लेअर ती डिस्क कोरी आहे किंवा वाचता येत नाही असे सांगतो, पण मूळ रेकॉर्डरवर तीच डिस्क सुरळीत चालते. हे पाहून डिस्क खराब झाली असे समजून ती टाकून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण चित्रण जसेच्या तसे शाबूत असते. काही डिस्क व्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डिंग) पद्धतीने मुद्रित केलेल्या असतात आणि त्या फायनलाइझ करूनही प्रत्येक प्लेअरवर चालत नाहीत. डीव्हीडी-रॅम नावाच्या डिस्क तर अनेक प्लेअर वाचतच नाहीत.

त्यामुळे माझी धागाकर्त्यांना कळकळीची विनंती आहे की टीव्हीवर रेकॉर्डरचा मेन्यू दिसू लागला आहे, तोवर प्रत्येक डिस्क लावून ती फायनलाइझ केलेली आहे का ते डिस्कच्या माहितीत पाहावे आणि नसल्यास ते काम उरकावे. त्यासाठी पिवळ्या तारेचे चित्रही पुरेसे आहे. हे चालू असताना वीज जाणार नाही, असा वेळ निवडा. मध्येच खंड पडला तर डिस्क निकामी होऊ शकते. त्यानंतर संगणकावर त्या डिस्कच्या प्रती काढून ठेवाव्यात. लेखनयोग्य डिस्कमधील सेंद्रिय रंगद्रव्य काळानुसार, आणि विशेषत: उन्हात व उष्णतेत, खराब होते.

धागाकर्ता

हे मला अजिबात ठाऊक नव्हते. डिस्कच्या माहितीत पाहिले असता बऱ्याच डिस्कसमोर फायनलाइझ केल्याची खूण नाही. आजपासून एकेक डिस्क हाती घेतो. कॉम्पोनंटची पिन आज जोडून पाहावी म्हणून मेन्यूत प्रोग्रेसिव्ह चालू केले, तेव्हा पिवळ्या तारेवरचे चित्र नाहीसे झाले आणि आता मेन्यूही दिसत नाही. चित्र परत कसे आणावे?

पहिल्या प्रतिसादाचे लेखक

काही यंत्रे प्रोग्रेसिव्ह चालू असताना पिवळा आणि एस-व्हिडिओ सॉकेट बंद ठेवतात किंवा त्यांतून न जुळणारे, वेडेवाकडे चित्र येते. रिमोटवर किंवा यंत्राच्या समोरच्या बाजूला 'प्रोग्रेसिव्ह', 'पी-स्कॅन' किंवा 'व्हिडिओ आउट' असे बटण आहे का पाहा आणि डिस्क थांबलेली असताना ते काही सेकंद दाबून धरा. पुस्तिकेत याच कामासाठी दोन बटणे एकदम दाबण्याची कृतीही अनेकदा दिलेली असते. बटण नसेल तर रेकॉर्डरचा हिरवा कॉम्पोनंट सॉकेट टीव्हीच्या पिवळ्या वाटेला जोडून चालणार नाही, कारण ५७६पी सिग्नल त्या वाटेला समजत नाही. अशा वेळी कॉम्पोनंट सॉकेट असलेला एखादा टीव्ही किंवा प्रोजेक्टर तात्पुरता मिळवून मेन्यूत बदल करावा.

धागाकर्ता

समोरच्या झाकणाआड 'पी-स्कॅन' बटण सापडले. ते दाबून धरताच चित्र परत आले. पहिली डिस्क फायनलाइझ होत आहे.

आठवा प्रतिसाद

माझ्याकडे अगदी सुरुवातीच्या काळातला ब्ल्यू-रे प्लेअर आहे. त्याचे एचडीएमआय सॉकेट नादुरुस्त झाले असून कॉम्पोनंट चालू आहे. त्यावरून ब्ल्यू-रे डिस्क पूर्ण दर्जाने पाहता येतील का?

तिसऱ्या प्रतिसादाचे लेखक

यंत्र केव्हाचे आहे यावर ते अवलंबून आहे. ब्ल्यू-रेच्या संरक्षण नियमांनुसार ३१ डिसेंबर २०१० नंतर बनवलेल्या प्लेअरना संरक्षित डिस्कचे चित्र अ‍ॅनालॉग सॉकेटमधून केवळ साध्या दर्जाने, इंटरलेस्ड स्वरूपातच देता येते आणि ३१ डिसेंबर २०१३ नंतरच्या प्लेअरमधून अ‍ॅनालॉग चित्र पूर्णपणे बंद करण्यात आले. आपला प्लेअर त्याआधीचा असल्यास कॉम्पोनंटमधून उच्च दर्जाचे चित्र मिळू शकते. डीव्हीडीचे चित्र मात्र अशा प्लेअरनेही कॉम्पोनंटमधून मोठे करून देणे अपेक्षित नाही. संरक्षित डीव्हीडी त्या वाटेने ४८०पी किंवा ५७६पीपर्यंतच जाते, मोठी करून देण्याची सोय केवळ एचडीएमआयवर असते.

नववा प्रतिसाद

विषय जवळचाच असल्याने विचारतो. लेझरडिस्कचा प्लेअर नव्या टीव्हीला जोडायचा आहे. त्याला पिवळा आणि एस-व्हिडिओ हे दोन्ही सॉकेट आहेत. वर सांगितल्याप्रमाणे एस-व्हिडिओच घ्यावा ना? आणि मागे 'एसी-३ आरएफ' असे लिहिलेला एक सॉकेट आहे, तो अँप्लिफायरच्या नारिंगी सॉकेटला जोडता येईल का?

दुसऱ्या प्रतिसादाचे लेखक

लेझरडिस्कबाबत उत्तर वेगळे आहे. १९७८ मध्ये आलेल्या या ३० सेंटिमीटरच्या डिस्कवर चित्र अ‍ॅनालॉग स्वरूपात आणि उजेड-रंग मिसळलेल्या अवस्थेतच साठवलेले असते. म्हणजे पिवळ्या सॉकेटमधून जे येते तेच डिस्कचे मूळ चित्र होय. एस-व्हिडिओ देण्यासाठी प्लेअर स्वत:च्या कोंब फिल्टरने ते सुटे करतो. प्लेअरचा फिल्टर चांगला की टीव्हीचा, यावर कोणता सॉकेट घ्यावा हे ठरते, आणि पुष्कळदा पिवळाच सरस निघतो. दोन्ही जोडून बारीक रेघांचे एकच दृश्य पाहावे आणि ठरवावे.

एसी-३ आरएफ सॉकेट अँप्लिफायरच्या साध्या डिजिटल सॉकेटला जोडू नये. पिन तंतोतंत बसते, पण त्यातून डॉल्बीचा आवाज २.८८ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवलेल्या स्वरूपात येतो आणि तो उतरवण्यासाठी मध्ये डिमॉड्युलेटर लागतो. काही जुन्या अँप्लिफायरमध्ये तो अंगभूत असतो. तसे असल्यास त्यावरही एसी-३ आरएफ असेच लिहिलेले वेगळे सॉकेट सापडेल. ते नसेल तर प्लेअरचा ऑप्टिकल सॉकेट घ्यावा, त्यातून दोन वाहिन्यांचा डिजिटल आवाज मिळेल.